‘मेंदू सुकलाय’ नंतर बघू, आधी ‘मायलोपॅथी’

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही तेही तुम्हाला समजेल. वडील ६६ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. गेले सात-आठ महिने चालताना पाय जड पडतात, तोल जातो, डाव्या पायातली चप्पल वाटेत राहून जाते आणि ती राहिली हे त्यांना कळतही नाही. शर्टाची बटणं आता आई लावून देते. मान अजिबात दुखत नाही. मेंदूचा आणि मानेचा असे दोन्ही एमआरआय झाले. मेंदूच्या रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूज सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी’, ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ आणि ‘ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट’ असं लिहिलंय. मानेच्या रिपोर्टमध्ये ‘सी५-६ डिस्क ऑस्टिओफाइट कॉम्प्लेक्स’, ‘कॉर्ड कॉम्प्रेशन’, ‘टी२ हायपरइंटेन्सिटी’ आणि शेवटी ‘कॉम्प्रेसिव्ह मायलोपॅथी’. ओळखीच्या एकांनी रिपोर्ट बघून सांगितलं की मेंदू सुकत चाललाय, वयाचं आहे, त्याला इलाज नाही. मानेत थोडा गॅप आहे, पट्टा लावा आणि चांगल्या माणसाकडून मालिश करून घ्या. तुम्ही रात्रभर एकेक शब्द शोधत बसलात आणि आता विचारताय की यातला नेमका कोणता आजार वडिलांना आहे, आणि आईला काय सांगायचं.

मी न्यूरोफिजिशियन, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांचा डॉक्टर आहे, ऑपरेशन करत नाही. गेली २४ वर्षं ओपीडीत अशाच पिशव्या घेऊन आलेली माणसं बघतोय. तुमचं घर मेंदूच्या रिपोर्टला घाबरलंय. मला काळजी वाटते ती मानेच्या रिपोर्टची. मेंदू म्हटलं की घर हादरतं आणि मान म्हटलं की माणूस बामाची बाटली शोधतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावायला हवा.

मी त्यांना तपासलेलं नाही आणि फिल्म बघितलेल्या नाहीत. मज्जारज्जू किती दबलाय, पायात ताकद किती आहे, शुगर आणि ब्लडप्रेशर कसं आहे, व्हिटॅमिन बी१२ तपासलंय का, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती इतकी बोलकी आहेत की शब्द समजावून सांगताना मला अंधारात चालावं लागत नाही.

हे शब्द तुम्ही ज्या क्रमाने शोधलेत तो सोडून द्या. यातले बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून केलेले आहेत आणि आपण शाळेत समास सोडवायचो तसे ते सोडवता येतात. पहिला तुकडा सहसा जागा सांगतो, शेवटचा तुकडा तिथे काय झालंय ते सांगतो. ‘एन्सेफॅलो’ म्हणजे मेंदू, ‘मेनिंजो’ म्हणजे मेंदूभोवतीची आवरणं, ‘मायलो’ म्हणजे मज्जारज्जू, ‘रॅडिक्युलो’ म्हणजे मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसेचं मूळ, ‘स्पॉन्डिलो’ म्हणजे मणका. शेवटी ‘आयटिस’ आलं तर दाह, ‘मलेशिया’ आलं तर तो भाग मऊ पडलाय, ‘पॅथी’ आलं तर तिथे बिघाड आहे, एवढंच.

या ‘पॅथी’वर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे तो शब्द ‘कुठल्या पॅथीचं औषध घेता’ असा वापरतात. एका आजोबांनी मला अगदी मनापासून विचारलं होतं, मायलोपॅथी घ्यायची तर तिचे डॉक्टर कुठे बसतात? इथे पॅथी म्हणजे उपचाराची पद्धत नव्हे. मायलोपॅथी म्हणजे मज्जारज्जूच्या कामात बिघाड. तो बिघाड कशाने झाला हे शब्द स्वतः सांगत नाही, म्हणून त्याच्या पुढे ‘कॉम्प्रेसिव्ह’ लावलंय: दाबामुळे.

‘मायलो’ने तुम्हाला रात्री नक्की फसवलं असणार. शोधताना ‘मायलोमा’ समोर आला असेल आणि तो कॅन्सर आहे हेही वाचलं असेल. त्याचा इथे काही संबंध नाही. ग्रीकमध्ये मज्जारज्जू आणि हाडातला मगज या दोन्हींना एकच शब्द होता, कारण कण्याच्या पोकळीतला तो मऊ दोर त्यांना हाडातल्या मगजासारखाच दिसला. आपणही तेच केलंय: अस्थिमज्जा, मज्जारज्जू, मज्जातंतू, तिन्हीकडे मज्जा. मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा आजार आहे. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधला मायलो मज्जारज्जूचा.

आता आपल्या मराठीतल्या घोळाकडे येतो, कारण खरी गफलत तिथे झाली आहे. ‘कणा’ हा शब्द आपण हाडांच्या माळेलाही वापरतो आणि तिच्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूलाही. ‘नस’ तर शिरेला, मज्जातंतूला, स्नायूच्या दोरीला, सगळ्यालाच. मग ‘मणक्यात नस दबलीय’ या एका वाक्यात अगदी साधी पाठदुखीही बसते आणि दोन्ही पाय जाऊ शकतील असा आजारही बसतो. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

चित्र डोळ्यांसमोर आणा. मानेचे सात मणके, पाठीचे बारा, कमरेचे पाच. दोन मणक्यांच्या मध्ये चकती, म्हणजे डिस्क. मणक्यांच्या मागच्या बाजूने एक बोगदा जातो आणि त्यातून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू उतरतो. मोठ्या माणसात तो साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचा जुडगा लोंबतो, त्याला लॅटिनमध्ये घोड्याचं शेपूट म्हणतात, ‘कॉडा इक्वायना’. म्हणून एल४-५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली तर ती नसांना लागते. तिथे मज्जारज्जू नसतोच. सी५-६, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती मागे आली तर मात्र तिच्या वाटेत थेट मज्जारज्जू आहे. हात, पाय, लघवी, शौच, सगळ्यांचे निरोप त्याच दोरातून जातात.

आणि हा ‘गॅप’. उभ्या महाराष्ट्रात ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. घडतं ते बरोबर उलटं. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, तिची उंची कमी होते, दोन मणके एकमेकांजवळ येतात. गॅप कमी होतो. कडेला हाडाची टोकं वाढतात, त्यांना ऑस्टिओफाइट म्हणतात. चकती आणि ही टोकं मिळून मागे बोगद्यात शिरली की ‘डिस्क ऑस्टिओफाइट कॉम्प्लेक्स’. या झिजेला स्पॉन्डिलोसिस म्हणतात. घरोघरी ज्याला ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, दाह नसतो. गॅप हा शब्द मला एवढ्यासाठी खटकतो की तो ऐकून माणूस ती फट पट्ट्याने, तेलाने, ओढून-ताणून बुजवायला निघतो.

झीज स्वतः घाबरण्यासारखी नसते. कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या स्कॅनचे ३३ अभ्यास २०१५ साली एकत्र करून तपासले गेले. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत डिस्क बल्ज होता. म्हणजे तुमच्या रिपोर्टवर नुसतं ‘डिस्क बल्ज’ किंवा ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’ एवढंच असतं आणि वडील ठणठणीत चालत असते, तर मी म्हटलं असतं की कागद कपाटात ठेवा. इथे तसं नाही. इथे कागद आणि माणूस एकच गोष्ट सांगताहेत.

‘टी२ हायपरइंटेन्सिटी’ म्हणजे काय? एमआरआयमध्ये एकाच भागाची वेगवेगळ्या पद्धतीने चित्रं काढतात. टी२ या पद्धतीत पाणी पांढरं दिसतं. निरोगी मज्जारज्जू त्यात करडा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पांढरी पट्टी दिसते. ‘हायपरइंटेन्सिटी’ म्हणजे असायला हवं त्यापेक्षा जास्त पांढरं, बस. पण मज्जारज्जूच्या करड्या पट्ट्यात, जिथे दाब आहे नेमक्या त्याच जागी पांढरा डाग दिसत असेल, तर तिथला ऊतक सुजलाय किंवा त्याला इजा झालीय असा त्याचा अर्थ. सूज असेल तर काही प्रमाणात उतरू शकते. कायमची इजा असेल तर तो भाग परत येत नाही. टी१ चित्रात तीच जागा काळपट दिसत असेल तर इजा जुनी असण्याची शक्यता जास्त. तुमच्या रिपोर्टमध्ये टी१बद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, ते शोधून बघा. ‘कॅनाल डायमीटर’ किती मिलिमीटर लिहिलाय तेही बघा. मानेत हा बोगदा साधारण १७ मिलिमीटरच्या आसपास असतो. १०च्या खाली गेला की तो स्पष्ट अरुंद मानतात.

आता चप्पल. हीच गोष्ट मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची वाटली. आमच्याकडे चपलेबद्दल नेहमी दोन प्रश्न विचारतात: निसटते का, आणि निसटली तर कळतं का? निसटताना कळत असेल पण बोटांनी धरता येत नसेल, तर पंज्यात ताकद कमी पडतेय. निसटलेलीच कळत नसेल, तर पाय कुठे आहे, पायाखाली काय आहे, हा निरोप वर पोचत नाहीये. हे निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. वडिलांना आणखी एक विचारा: सकाळी बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारताना पुढे झोकांडी जाते का? अंधारात, गच्चीवर, बोळात जास्त तोल जातो का? जात असेल तर तेच कारण. पायाचा निरोप येत नाही तेव्हा माणूस डोळ्यांनी भरपाई करत असतो, आणि डोळे मिटले की ती भरपाई बंद होते.

बटणांचंही तसंच. दुखत नाही, मुंग्या फारशा नाहीत, पण बोटं सांगितलेलं ऐकत नाहीत. एका हाताने भाकरी मोडता न येणं, सही बदलणं, खिशातलं नाणं बोटांनी ओळखता न येणं, हे सगळं याच घरातलं. मान दुखत नाही मग मान कशी, असं तुम्ही विचारलंय. मज्जारज्जू दबल्याचं मुख्य लक्षण दुखणं नसतंच पुष्कळदा. दुखतं ते नसेचं मूळ दबल्यावर: खांद्यातून हातात कळ जाते. त्याला रॅडिक्युलोपॅथी म्हणतात. ते त्रासदायक असतं म्हणून माणूस लगेच डॉक्टर गाठतो. मायलोपॅथी चुपचाप येते, आणि ‘वय झालं’ म्हणून घरचे सात-आठ महिने काढतात. यात तुमची चूक नाही. आमच्यातलेही काही जण ती शुगरची न्यूरोपॅथी, म्हणजे शुगरमुळे झालेला नसांचा बिघाड समजून गोळ्या देत राहतात.

डॉक्टर खरंच मायलोपॅथीचा विचार करताहेत का, हे तुम्हाला तपासणीवरून कळेल. ते मधल्या बोटाच्या टोकाला टिचकी मारतील आणि अंगठा आपोआप आत वळतो का बघतील; त्याला हॉफमनचं चिन्ह म्हणतात. तळपायावर किल्लीने ओढून अंगठा वर जातो का बघतील; हे बाबिन्स्कीचं चिन्ह, १८९६पासून वापरात आहे आणि अजून त्याला तोड नाही. दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडझाप होते ते मोजतील; साधारण वीस वेळा व्हायला हवी. एका रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगतील. हे काहीच न करता कोणी फक्त फिल्म उजेडाला धरून निर्णय दिला, तर दुसरं मत घ्या. रिपोर्टच्या तळाशी लिहिलेल्या ‘अ‍ॅडव्हाइज्ड क्लिनिकल कोरिलेशन’चा अर्थ हाच आहे. रेडिओलॉजिस्ट सांगतोय की मी चित्र पाहिलंय, माणूस पाहिलेला नाही. दोन्ही ताडून बघा.

मालिशबद्दल स्पष्ट सांगतो. मज्जारज्जू दबलेल्या मानेला झटका देऊ देऊ नका. सलूनमध्ये केस कापून झाल्यावर कडकन मान मोडतात ती नाही, हाडवैद्याकडे ओढणं नाही, स्पाइन सर्जनने बघेपर्यंत वजन लावून ट्रॅक्शनही नाही. पट्टा लावल्याने दाब कमी होत नाही. आणि पडणं टाळा: बाथरूममध्ये धरायला दांडा, रात्री उजेड, मागे पट्टा असलेली चप्पल. बोगदा आधीच अरुंद असलेल्या माणसाला साध्या पडण्यानेही मज्जारज्जूला मोठी इजा होऊ शकते.

ऑपरेशन लागेल का? हे तपासून ठरतं. यासाठी १८ गुणांची एक मोजणी आहे: हात, पाय, संवेदना, लघवी. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे तीव्र. २०१७च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि तीव्र असेल तर ऑपरेशन सुचवतात; सौम्य असेल तर ऑपरेशन किंवा नीट देखरेखीखाली व्यायाम-उपचार, आणि बिघडत गेलं तर ऑपरेशन. तुमच्या वर्णनावरून वडील ‘बघू पुढे’ म्हणण्याच्या टप्प्यात असतील असं मला वाटत नाही, पण गुण मोजल्याशिवाय ठाम सांगणार नाही. ऑपरेशन समोरून चकती काढून मणके जोडण्याचं असतं किंवा मागून बोगद्याचं छप्पर मोकळं करण्याचं, म्हणजे लॅमिनेक्टमी. ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं. कुठलं करायचं हे दाब कुठून आहे आणि किती पातळ्यांवर आहे यावर सर्जन ठरवतो.

एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर मन मोडणार नाही. या ऑपरेशनचा पहिला हेतू आजार पुढे जाऊ न देणं हा असतो. बऱ्याच जणांना सुधारणाही होते, कधी खूप चांगली, पण गेलेलं सगळं परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. जितका उशीर तितकी परत येण्याची शक्यता कमी. म्हणूनच मी घाई करतोय.

ऑपरेशनचं ठरण्याआधी रक्तातलं बी१२ मात्र तपासून घ्याच. ते कमी पडलं तर मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या भागाला इजा होते, तोल आणि चप्पल हीच लक्षणं येतात, आणि शाकाहारी माणसांत ते कमी असणं सर्रास आढळतं. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसरं सोडू नये.

आता मेंदूचा रिपोर्ट. ‘अ‍ॅट्रॉफी’ म्हणजे आकार कमी होणं. मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम असतं, साठीनंतर ते हळूहळू घटतं, घड्यांमधल्या खाचा थोड्या रुंद दिसतात. ६६ वर्षांच्या माणसाच्या स्कॅनवर ‘डिफ्यूज’, म्हणजे सगळीकडे सारखी, थोडी अ‍ॅट्रॉफी असणं हे केस पांढरे होण्यासारखं आहे. रिपोर्टमध्ये पुढे कुठे ‘एज रिलेटेड’ लिहिलंय का बघा, बहुतेक असेल. ‘सुकला’ या शब्दाने घरच्यांच्या डोळ्यांसमोर वाळलेलं झाड उभं राहतं. वडील हिशेब करतात का, माणसं ओळखतात का, काल काय झालं ते सांगतात का? तुम्ही लिहिलंय की बोलणं-वागणं पूर्वीसारखंच आहे, पेपर रोज वाचतात. मग त्या शब्दाला आज तेवढीच किंमत द्या.

‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ म्हणजे मेंदूतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून वर्षानुवर्षं कमी पुरवठा झाल्याच्या खुणा. ‘इस्केमिया’ म्हणजे रक्त कमी पडणं, ‘इन्फार्क्ट’ म्हणजे रक्ताविना तो ठिपका मेला. ‘लॅक्यून’ लॅटिनमध्ये खड्डा किंवा डबकं. १५ मिलिमीटरपर्यंतच्या अशा छोट्या जागेला लॅक्युनर म्हणतात. ‘ओल्ड’ लिहिलंय, म्हणजे आत्ताचा नाही. अनेकदा असा ठिपका कधी झाला ते माणसाला कळलेलंही नसतं. याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही: हे बीपी, शुगर, तंबाखू यांचं प्रगतिपुस्तक आहे. बीपी घरी मोजून लिहून ठेवा, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी करा, तंबाखू असेल तर सुटायलाच हवी. रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि ती चालू असेल तर ऑपरेशनआधी सर्जनला सांगायची.

एक अपवाद सांगायला हवा. पाय जमिनीला चिकटल्यासारखं चालणं मेंदूतल्या कारणांनीही होतं, विशेषतः पोकळ्यांमध्ये पाणी वाढलं तर. त्याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही, आणि बटणांचा त्रास मानेकडेच बोट दाखवतो. तरी डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा: चालण्याचा त्रास मानेमुळे किती आणि मेंदूमुळे किती?

शब्दांनी काय होतं याचा मला स्वतःला धडा मिळालेला आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकरी कुटुंबाला मी सांगितलं, आजोबांच्या मेंदूवर रक्ताची गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. होता तो क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा: पडल्यानंतर आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त. कवटीला छोटं भोक पाडून ते काढतात आणि माणूस बहुतेक वेळा चांगला उठून बसतो. मुलाने त्यातला फक्त ‘गाठ’ हा शब्द घरी नेला. गाठ म्हणजे कॅन्सर, या वयात चिरफाड नको, असं भावकीत ठरलं आणि ते आजोबांना घरी घेऊन गेले. दोन दिवसांनी गुंगीत असलेल्या अवस्थेत परत आणलं. ऑपरेशन झालं, आजोबा बरे झाले. पण ते दोन दिवस माझ्या एका शब्दाने गेले होते. तेव्हापासून मी ‘साकळलेलं रक्त’ म्हणतो, आणि नातेवाइकांकडून ते त्यांच्या शब्दांत परत वदवून घेतो. तुम्हीही तसंच करा. डॉक्टरांसमोर म्हणा, ‘मला जे कळलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा.’

रिपोर्ट आणि कार्डावर आणखी काही शब्द तुम्हाला भेटतील. ‘लीजन’ म्हणजे वेगळा दिसणारा भाग. चांगला की वाईट ते त्यात नाही. ‘रूल आउट’ अमुक लिहिलं म्हणजे तो आजार झालाय असं नव्हे. तो नाही ना हे तपासायचंय. ‘पॅरेसिस’ म्हणजे ताकद कमी, ‘प्लेजिया’ म्हणजे ताकद गेली. ‘हेमी’ एक बाजू, ‘पॅरा’ दोन्ही पाय, ‘क्वाड्री’ चारही. आपण सगळ्याला पॅरालिसिस किंवा ‘वारं गेलं’ म्हणतो, त्यामुळे ‘क्वाड्रीपॅरेसिस’ वाचून घाबरू नका. तुमचे वडील स्वतःच्या पायाने चालत जातील आणि तरी त्यांच्या कार्डावर तो शब्द लिहिला जाऊ शकतो. ‘पॉवर ४/५’ म्हणजे ८० टक्के नव्हे. ३ म्हणजे अवयव स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, ४ म्हणजे थोड्या विरोधालाही पुरतो, ५ म्हणजे पूर्ण.

आणि कुणाच्या रिपोर्टवर ‘कॉक्स स्पाइन’ किंवा ‘पॉट्स स्पाइन’ दिसलं तर ती मणक्याची टीबी. पर्सिव्हल पॉटने १७७९मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि रॉबर्ट कॉकने १८८२मध्ये टीबीचा जंतू शोधला. टीबी हा शब्द समाजात लागतो म्हणून आपल्याकडे कॉक्स लिहिण्याची सवय पडली, आणि मग घरच्यांना महिनोन्‌महिने कळतच नाही की आजार कोणता आहे आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त गोळ्या का घ्यायच्यात. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये हे नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात असेल.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. या आठवड्यात न्यूरोसर्जन किंवा स्पाइन सर्जन गाठा. महिनाभराने मिळणारी तारीख घेऊ नका. नुसता टाइप केलेला कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या. एका कागदावर तारखा लिहा: चप्पल पहिल्यांदा कधी राहिली, बटणं कधीपासून सुटली, जिना चढताना कठडा कधीपासून लागतो. वडील चालताना पुढून आणि मागून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. तीन प्रश्न विचारा: सौम्य, मध्यम की तीव्र? दाब एकाच पातळीवर आहे की जास्त? आत्ता काही केलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांत काय होऊ शकतं?

लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, पायांची ताकद एक-दोन दिवसांत भरभर कमी झाली, किंवा पडल्यानंतर हातपाय आणखी लुळे वाटले, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात पडणं, बोलणं अडखळणं असं अचानक झालं तर तो वेगळा प्रकार, स्ट्रोक. त्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून पहिली लक्षणं किती वाजता दिसली ते लक्षात ठेवायचं.

आणि आई. त्यांना रिपोर्ट वाचून दाखवू नका. सांगा की बाबांचा मेंदू त्यांच्या वयाच्या माणसाचा असतो तसाच आहे, त्यांचं डोकं शाबूत आहे. मानेत मणक्याचं हाड वाढून आतल्या मज्जारज्जूवर दाबतंय, म्हणून बोटं आणि पाय ऐकत नाहीत. त्यावर करण्यासारखं आहे, आणि ते लवकर करायचंय. तोवर बटणं त्या लावून देताहेत तशाच देऊ देत, पण रोज एक बटण बाबांना स्वतः लावू द्या. किती वेळ लागला ते त्यांनी बघावं आणि तारखेसह लिहून ठेवावं. सर्जनला ती वही दाखवा.